एकेचाळीस कलमी उन्हाळा

पत्र, थोडक्यात: नाशिकच्या इंदिरानगरमध्ये राहणाऱ्या, पतसंस्थेत नोकरी करणाऱ्या एका बेचाळीस वर्षांच्या आईचं हे पत्र. मुलगा तेरा वर्षांचा, मुलगी आठची. यजमानांचं अंबडला छोटं वर्कशॉप आहे. यंदा नवं मशीन घेतल्यामुळे सहलीला पैसे नाहीत, आणि सोसायटीच्या ग्रुपवर रोज कुणाचे ना कुणाचे काश्मीरचे फोटो येतायत. म्हणून बाईंनी एप्रिलमध्येच ‘साध्या सुखांची’ यादी करून फ्रिजवर लावली. पांडवलेणी, कुरडया, करवंदं, जुने सिनेमे, रोज एक कविता, अशी एकूण एकेचाळीस कलमं. मे अर्धा सरला तरी नवांवरच खुणा झाल्यात. मुलगा म्हणतो, “आई, हे शाळेपेक्षा बोअर आहे.” कुरडयांच्या दिवशी सासूबाईंशी वाजलं. यजमानांचं म्हणणं, दीड लाखाचं पर्सनल लोन काढू, मनालीला जाऊन येऊ आणि विषय संपवू. बाई लिहितात, “आम्ही निफाडला मामाकडे दोन-दोन महिने एक पैसा खर्च न करता किती मजा करायचो! माझ्या मुलांना त्यातलं काहीच मिळणार नाही का? मीच कुठे कमी पडतेय का?”

ताई,

यादीची झेरॉक्स पत्रासोबत जोडलीत ते फार बरं केलंत. कलम सतरा: गच्चीवर झोपणे (सोम. व गुरु.). कलम तेवीस: कंटाळा येऊ देणे, रोज ४ ते ५. कंटाळ्यालासुद्धा तुम्ही वेळ नेमून दिलीत! तेव्हा कमी पडताय का, या प्रश्नाचं उत्तर तिथेच मिळालं. कमी नाही, तुम्ही जरा जास्तच पडताय.

हसतेय, पण तुम्हाला नाही. मी स्वतः माझ्या मुलाला बाराव्या वर्षी मे महिन्यात सकाळी साडेदहाला पांडवलेणीच्या पायऱ्या चढवल्या आहेत. अर्ध्या वाटेत त्याला उलटी झाली, तरी मी सातवाहन सांगतच होते. आज तो पस्तिशीचा बाप्या आहे. घरात कुणी ‘सातवाहन’ म्हटलं की तो आधी लिंबूपाणी मागतो.

आता निफाडकडे येऊ, कारण सगळ्या पत्राचा पाया तिथे आहे. “एक पैसा खर्च न करता” असं तुम्ही लिहिलंत. खर्च होत होता, ताई. तो पैशात नव्हता आणि तुमच्या नावावर नव्हता, एवढंच. तुम्ही सगळी भावंडं मिळून चौदा जण असायचात, असं पत्रातच आहे. चौदा मुलांच्या दोन वेळच्या भाकरी कोण थापत होतं? उन्हाळ कांदा चाळीत पडायचे ते हेच दिवस. घरात आधीच मजुरांचं चहापाणी, त्यात ही चौदा तोंडं. तुम्ही कांद्याच्या चाळीमागे लपंडाव खेळत होता तेव्हा मामी कुठे असायच्या, आठवून पाहा. तुमच्या चार पानी पत्रात मामा सहा वेळा आलेत. मामी एकदाच, तेही “मामीच्या हातचा आमरस” म्हणून. नुसता हात आलाय, मामी नाहीच.

तुमचं बालपण मला खोटं पाडायचं नाही. ती मजा खरीच होती. पण साधं सुख स्वस्त असलं तरी फुकट नसतं. त्याला कुणाचा तरी वेळ लागतो, कुणाची तरी कंबर लागते. तेव्हा ती मामीची होती, आज तुमची आहे. त्यातही मामीला नोकरी नव्हती, आणि या सुखाचा पुरावा म्हणून फोटोही काढायचे नव्हते. सकाळी साडेनऊ ते संध्याकाळी सहा पतसंस्थेत बसून एकेचाळीस कलमं पुरी करायला निघालात, तर थकवा आणि चिडचिड येणारच. आणि मुलांना नेमकी तीच आधी दिसते.

कर्जाचं दोन वाक्यांत सांगते. दीड लाख, चौदा टक्के, दोन वर्षं म्हणजे महिन्याला साधारण ७,२०० रुपये हप्ता आणि वर बावीस-तेवीस हजार व्याज. हे गणित पतसंस्थेत बसणाऱ्या बाईला मी सांगावं म्हणजे काशीला गंगाजल नेणं झालं. मनाली वाईट नाही, जरूर जा, पण आरडी काढून पुढच्या नाहीतर त्याच्या पुढच्या वर्षी जा. फ्रिजवरच्या यादीने मनस्ताप दिला म्हणून जाऊ नका. यजमानांनाही हे तेवढ्याच शांतपणे सांगा. मला वाटतं त्यांना मनालीचं फारसं पडलेलं नाही, तुमचा पडलेला चेहरा त्यांना बघवत नसावा.

आता लेकाचं. तेरा वर्षांच्या मुलाला आईने आखलेलं सुख नकोच असतं, मग ते कितीही चांगलं असो. त्याला हवी असते आईच्या नजरेआड जाण्याची परवानगी. तुमच्या निफाडच्या सुट्टीत खरा ऐवज तोच होता. सकाळी न्याहारी करून बाहेर पडलं की जेवणापर्यंत कुणी विचारत नव्हतं. तुम्ही मुलांना कांद्याची चाळ, विहीर, आमराई यांच्या बदली वस्तू शोधून देताय आणि मोकळीक द्यायची तेवढी राहून गेलीय.

म्हणून त्याला एक काम द्या. सिटीलिंकच्या बसने एकट्याने, किंवा फार तर एक मित्र घेऊन, गावात जायचं. सार्वजनिक वाचनालयात, आपल्या ‘सावाना’त. ही संस्था १८४० सालची आहे, हे त्याला सांगू नका, कुठेतरी पाटीवर वाचेल. खिशात शंभर रुपये. उरलेल्या पैशांचा हिशेब मागायचा नाही. परतीच्या वाटेवर मेनरोडला भेळ खाल्ली की गोळा, तेही विचारायचं नाही. पहिल्या खेपेला तुमचा जीव वरखाली होईल. मोबाइल असेल त्याच्याकडे, पण दर दहा मिनिटांनी “पोचलास का” नको. दुसऱ्या खेपेला त्याला बुधवारी गंगेवरच्या, म्हणजे गोदाकाठच्या, बाजारात पाठवा, कैऱ्या आणायला. चार कैऱ्या पिकायला लागलेल्या आणेल, एखादी आतून काळी निघेल. तरी त्यांचंच पन्हं करा. (पोहायला मात्र गंगेवर नाही. तरणतलाव आहे, तिथे पाठवा.)

एवढं झाल्यावर तो पांडवलेणीला यायला तयार झालाच तर सकाळी गेट उघडतं त्या वेळेला जा, मी गेले तसं नाही. चोवीस लेणी आहेत. सगळी दाखवायच्या फंदात पडू नका. एकच बघा, तिसऱ्या क्रमांकाचं. त्याच्या व्हरांड्याखाली दगडातले धिप्पाड यक्ष आहेत, अख्खं लेणं पालखीसारखं खांद्यावर उचलून निघाल्यासारखे. लेकीला ते दाखवा आणि गप्प बसा. त्याच लेण्यात गौतमी बलश्रीचा लेख आहे. आपल्या मुलाची, गौतमीपुत्र सातकर्णीची, थोरवी या आईने भिंतीवर कोरून ठेवलीय. जवळपास दोन हजार वर्षं झाली, पण आयांचं स्टेटस ठेवणं काही सुटलेलं नाही! लेक मोबाइलवरून तुम्हाला चिडवतो ना, त्याला हे आवडेल.

कुरडयांचं भांडण मला सर्वांत जवळचं वाटलं. झालं ते असं. गहू तीन दिवस भिजत होते, रोज पाणी बदललं सासूबाईंनी. वाटून, पिळून, गाळून चीक रात्रभर बसवला त्यांनीच. सकाळी वरचं पाणी ओतून, तेवढ्यास तेवढं आधण ठेवून, मीठ-हिंग घालून चीक शिजवला तोही त्यांनीच, एकाहत्तराव्या वर्षी, दुखऱ्या गुडघ्यांनी. मग तुम्ही मुलांना उठवून गच्चीवर आणलंत, सासूबाईंच्या हातात सोऱ्या दिलात, आणि पहिली कुरडई व्हिडिओत नीट आली नाही म्हणून “आई, परत एकदा घाला ना” म्हणालात. त्यावर त्या म्हणाल्या, “कुरडया म्हणजे काय भातुकली वाटली का तुला?”

ताई, इथे मी सासूबाईंच्या बाजूने आहे. तुमच्या यादीत कुरडया ‘साधं सुख’ होतं, त्यांच्या अंगावर ते पन्नास वर्षांचं काम आहे. चूक तुमच्या हेतूत नाही, कामाच्या वाटणीत आहे. ती फिरवून बघा. यंदा गहू उरले असतील तर किलोभरच घ्या. घरात चार माणसं राबती असताना सासूबाईंनी खुर्चीवर बसून फक्त बोलायचं. “आता ओत… ढवळ, ढवळ, हात थांबवू नकोस, गुठळी होईल.” चीक घट्ट व्हायला लागला की ढवळायला दंडात जोर लागतो, तिथे लेकाला उभा करा. या वयाच्या मुलांना आपली ताकद खरोखर कुठेतरी लागतेय हे फार आवडतं, तोंडाने म्हणणार नाहीत. ओतायला यजमान. लेकीला काठी देऊन कावळ्यांच्या राखणीला बसवा, आणि फोन खालीच राहू द्या. सोऱ्या फिरवायची पाळी येईल तेव्हा पहिल्या चार कुरडया शेणाच्या गोवरीसारख्या होतील. त्या तशाच वाळवा. तळल्यावर सगळ्याच फुलतात.

लेकीचं काळजीचं काही नाही. आठ वर्षांच्या मुलीला तुमच्या यादीतलं काहीही चालेल, फक्त तिथे खूण करायची घाई नको. त्र्यंबक रोडला करवंदवाल्या बायका पानांचे द्रोण मांडून बसलेल्या असतील. दोन द्रोण घ्या आणि तिथेच झाडाखाली बसून ‘कोंबडा की कोंबडी’ खेळा. करवंद दाताने अर्धं तोडायचं, आत लाल निघालं तर कोंबडा, पांढरं निघालं तर कोंबडी. हा खेळ तिला शिकवला नसेल तर तेवढं मात्र खरंच तुमचं चुकलं! चिकाने ओठ चिकट होतील, फ्रॉकवर डाग पडतील. डाग निघत नाहीत. जुना फ्रॉक घालून न्या.

सिनेमाबद्दल. यादीत ‘अभिजात चित्रपट – ८’ असं लिहिलंय, आणि आठही तुम्हीच निवडलेत. निवड फिरती ठेवा: एकदा मुलगा, एकदा मुलगी, एकदा आजी, एकदा तुम्ही. ज्याची पाळी त्याचा सिनेमा, बाकीच्यांनी नाकं मुरडायची नाहीत. यजमान झोपले तर झोपू द्या.

तुमच्या पाळीला एक गंमत सुचवते. दादासाहेब फाळके आपल्या त्र्यंबकेश्वरचे, जन्म ३० एप्रिल १८७०. त्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ मुंबईत लोकांसमोर आला तो ३ मे १९१३ रोजी. दोन्ही तारखा भर सुट्टीतल्या. त्याच वर्षी ते मुंबईचं बिऱ्हाड आवरून नाशिकला आले आणि पुढचे सिनेमे इथे झाले. त्या पहिल्या सिनेमाचा जेवढा भाग शिल्लक आहे तो इंटरनेटवर सापडतो. मूकपट, त्यामुळे एकाला राजा, एकाला विश्वामित्र करून संवाद मुलांनीच बोलायचे. आजींना तारामती द्या. पडद्यावरची तारामती अण्णा साळुंके नावाच्या पुरुषाने केलीय, तो हॉटेलात आचारी होता, आणि राजाचा मुलगा रोहिदास हा फाळक्यांचा स्वतःचा मुलगा. हे कळल्यावर लेक पुन्हा लावून बघेल.

आणि मुलं झोपल्यावर तुम्ही एकट्याने सरस्वतीबाई फाळक्यांचा विचार करा. बाईंनी दागिने दिले, फिल्मला भोकं पाडायला शिकल्या, ती धुवायला शिकल्या, आणि वर सगळ्या कंपनीला रांधून वाढलं. आपल्याकडचा पहिला सिनेमासुद्धा कुणाच्या तरी मामीच्या हातावर उभा राहिलाय.

‘रोज एक कविता’ हे कलम मुलांच्या यादीतून काढून टाका. शाळेत २७ फेब्रुवारीला कुसुमाग्रजांच्या फोटोला हार घालून कविता म्हणवून घेतात, त्यांना कवितेचा तेवढाच अनुभव आहे, त्याचीच मे महिन्यातली आवृत्ती त्यांना नकोय. पण पत्राच्या शेवटच्या पानावर एक ओळ तुम्ही जाता जाता टाकलीत: “मी कॉलेजात असताना कविता करायचे, वही माळ्यावर आहे.” सगळ्या पत्रात तुमचं स्वतःचं असं हे एकच होतं आणि नेमकं तेच यादीत नाही. वही काढा. संध्याकाळी टिळकवाडीतून चक्कर मारा, कुसुमाग्रज तिथेच राहायचे. उन्हं उतरली की ती वस्ती चालायला अजूनही बरी आहे. कविता सुचेल असं नाही. पाऊण तास तुम्हाला कुणी हाक मारणार नाही, हेही पुष्कळ.

मग गच्चीचं बघा. सेक्रेटरींकडून किल्ली मिळवणं हेच त्यातलं सर्वांत अवघड काम, त्यासाठी सासूबाईंना पाठवा. नाशिकचा उन्हाळा दिवसा भाजून काढतो, पण रात्री उशिरा वारा सुटतो, पहाटे तर पांघरूण लागतं. ‘सोम. व गुरु.’ खोडा. ज्या दिवशी वीज जाईल त्या दिवशी वर जा. अंधारात आडवं पडल्यावर तुमच्या वहीतली एखादी कविता स्वतःसाठी म्हणा, चुकत, आठवत. लेक झोपेचं सोंग घेईल. त्याला घेऊ द्या.

माझ्या लहानपणी आम्ही पंचवटीत राहायचो. मे महिन्यात वडील गंगेवर वसंत व्याख्यानमालेला न्यायचे, यशवंतराव महाराज पटांगणावर. मोठमोठे वक्ते ऐकले म्हणे मी. एकाचंही वाक्य आठवत नाही. आठवतं ते वडिलांच्या धोतराचा सोगा हातात धरून पायरीवर झोपलेले, आणि घरी नेताना त्यांनी खांद्यावर टाकल्यावर मला जाग आलेली असूनही मी डोळे मिटून घेतलेले. वडील मात्र व्याख्यानासाठीच जात होते. त्यांना ऐकायचं होतं, मी आपली सोबत होते. तुमच्या मुलांनाही असंच सोबत असू द्या, तुम्हाला आवडेल त्या गोष्टीत. त्यांच्यासाठी म्हणून कार्यक्रम ठेवलात की ते परीक्षकासारखे बसतात.

याच विषयावर कॉलेज रोडच्या एका आजोबांचंही पत्र आलंय. नातवंडं बंगळुरूहून आठ दिवसांसाठी येतात आणि टॅबवरच असतात, काय करू? त्यांनाही थोडंफार हेच. आजोबा, तुम्ही रोज सकाळी भाजी आणायला जाता ना, पिशवी एकाच्या हातात द्या आणि चला. कुठे जातोय ते सांगायची गरज नाही. पहिले दोन दिवस रडारड होईल. मुलं मराठी तोडकंमोडकं बोलतात म्हणून तुम्ही इंग्रजीवर उतरू नका. भाजीवालीशी त्यांना बोलावंच लागेल, आणि ती त्यांच्या मराठीला हसेल, ते त्यांनाही आवडेल.

ताई, शेवटचं. मामा गेले, वाटण्या झाल्या, निफाडला जाणं आता तसं राहिलं नाही, असं तुम्ही लिहिलंत. पण मामी आहेत, थोरल्या मुलाकडे. मग त्यांनाच आणा की. जूनच्या आधी चार दिवस. आणायला यजमानांनी गाडी घेऊन जायचं, बसने या म्हणायचं नाही. कूलरची खोली त्यांना. लेकाची गादी त्या दिवसांत हॉलमध्ये. तो कुरकुरेल, एकदाच.

स्वयंपाकघरात त्यांना पाऊल टाकू देऊ नका. त्या ऐकणार नाहीत, “मी आपली बसल्या बसल्या आंबे पिळते” म्हणतील. आंबे लेकाला आणि लेकीला पिळू द्या, कोपरापर्यंत ओघळ येऊ देत. पहिली वाटी मामींना. आणि त्या जेवत असताना, मुलांसमोर, त्यांना विचारा की तुम्ही चौदा जण उंडारत होता तेव्हा त्या दुपारी काय करायच्या. तुम्हाला हे कधी विचारावंसं वाटलं नव्हतं, हेही त्यांना सांगून टाका.

फ्रिजवरच्या त्या जागेवर तोवर दूधवाल्याचा हिशेब लावा.